रंग गेलेले बारा शिपाई

मी खाली सही करणारी, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी, काम पट्ट्याची बकलं ओतणे, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी हात न धरता हे मृत्युपत्र लिहिते. उद्या गुरुवारी सकाळी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. मग दोन-दोन कागदांवर सह्या कशाला घेतल्या? म्हणून हे लिहायला बसले. नमुना कोर्टाबाहेरच्या लेखनिकानं दिला, मजकूर माझा आहे. शुद्धलेखनाला कुणी हसू नये.

कलम एक. माझ्या दोन खोल्या आणि त्यातलं सगळं सामान माझ्या भाचीला. तिनं स्वयंपाकघराचा नळ जोरात आवळू नये, आटा गेलेला आहे. धाकट्या दिरांना काही नाही. आमचे हे गेले त्याच आठवड्यात ते मापाची टेप घेऊन खोल्या मोजायला आले होते. टेप इथंच विसरले. ती त्यांना परत द्यावी. सहा वर्षं आम्ही ती खेळात वापरली, त्याबद्दल आभार.

कलम दोन. शेगडी, ओतायची पळी आणि रबराचे अकरा साचे भाचीलाच. खिडकी उघडी ठेवूनच ओतायचं, आणि हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. शिसं आहे ते, साखर नाही. सात नंबरच्या साच्यात शिपायाचा डावा हात भरत नाही. तो साचा दुरुस्त करू नये. पहिल्यांदा असे वीस थोटे निघाले तेव्हा मी ते परत वितळवणार होते. पण दर रविवारी आमच्याकडे खेळायला येणाऱ्या मंडळींनी ते माझ्या हातातून ओढून घेतले, त्यांची थोटी पलटण केली, त्यांच्या ग्रहाचा इतिहास लिहिला, आणि हात का नाहीत याची चार कारणं शोधून काढली. चारही एकमेकांशी न जुळणारी. अजून भांडतात त्यावर.

(मध्येच उठून गॅस बघून आले. बंदच होता.)

कलम तीन. फौज. वकिलाला कळावं म्हणून सांगते. बोटभर उंचीचे अंतराळातले शिपाई, टेबलावर मांडून, टेपनं अंतर मोजून, फासे टाकून लढवायचे, असा हा खेळ. ज्या कंपनीनं तो काढला ती तीस वर्षांपूर्वी बुडाली. लोकांनी नवे चकचकीत खेळ घेतले. आमची मंडळी जुन्याच नियमांना धरून राहिली. नवे शिपाई मिळेनात तेव्हा ह्यांनी मेणाचे कोरले, मी ओतले. हे टपालखात्यात पत्रं लावायचे आणि घरी आल्यावर रंगवायचे. रंग जाड लावायचे, डोळे कायम तिरळे. पण ते शिपाई टेबलावर आले की बाकीच्यांचे फिके पडायचे.

ही सगळी फौज, मोजून तीनशे चाळीस, रविवारच्या मंडळींची. एकट्या कुणाची नाही. काचेच्या कपाटात ठेवणाऱ्याला देऊ नये. खेळावं, पडले तर उचलावं, मोडले तर डकवावं. आणि मुख्य अट: कुणीही, कसल्याही चांगल्या हेतूनं, एकाचाही जुना रंग उतरवू नये. हल्ली फॅशन आहे, जुने शिपाई आणायचे, औषधात बुडवून नागवे करायचे आणि नव्यानं रंगवायचे. इथं ते चालणार नाही. का, ते पुढच्या कलमात. ते लिहायला चार दिवस चालढकल केली, आता दिवसच उरले नाहीत.

कलम चार. ह्यांच्या शेवटच्या आजारपणात ह्यांचा हात थरथरायचा. तरी त्यांनी बारा शिपाई रंगवले. राजाचे पहारेकरी. प्रत्येकाच्या भुवया वेगळ्या आल्या, हात हलल्यामुळे. हे गेल्यावर महिनाभरानं, एका शनिवारी, मी त्यांचा डबा उघडला तर झाकण सैल असल्यानं सगळ्यांवर धूळ चिकटून बसलेली. कारखान्यात ओतलेला माल आम्ही थिनरमध्ये बुचकळून साफ करतो. वीस वर्षांची सवय. एक जुनं भांडं घेतलं, थिनर ओतलं, बाराही आत सोडले. बाहेर दूधवाला आला म्हणून गेले. परत येऊन बघते तर रंग सायीसारखा वर तरंगत होता. खाली कोरं शिसं.

ओतणाऱ्या बाईनं असं करावं? रंगवणाऱ्यानं केलं नसतं. मला माल दिसला, रंग दिसलाच नाही.

ते बारा मी शिवणयंत्राच्या खणात कोंबले आणि गप्प बसले. दुसऱ्या दिवशी रविवारी मंडळी आली. पहारेकरी मांडायचे होते, डबा रिकामा. त्याआधी एकाची तलवार डकवायला तो डबा मंडळींतल्या घड्याळवाल्यांनी आपल्या दुकानात नेला होता आणि शुक्रवारी परत आणून दिला होता. मंडळींतला शिंपी त्यांना म्हणाला, "शेवटी डबा तुझ्याच हातात होता ना रे?" घड्याळवाले म्हणाले, "मी वहिनींच्या हातात दिला. वहिनी, सांगा की."

मी म्हणाले, "मी उघडून बघितला नव्हता."

एवढंच. चार शब्द. घड्याळवाल्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आपले शिपाई एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळले. कुणी मदत केली नाही, कुणी अडवलंही नाही. तीस वर्षांचा ह्यांचा दोस्त जिना उतरून गेला. सहा वर्षं झाली. त्या दिवसापासून सगळे त्यांना चोर समजतात. चोर ते नाहीत. चोरी झालीच नाही. हे मी माझ्या हातानं लिहिते आहे आणि हे सगळ्या मंडळींसमोर मोठ्यानं वाचावं, शिंप्याला पुढं बसवून.

ते बारा कोरे शिपाई अजून खणात आहेत. त्यांना रंग देऊ नये. दर रविवारी टेबलावर मांडावे. कुणी विचारलं की हे असे का, तर खरं सांगावं.

कलम पाच. घड्याळवाल्यांना मी काहीही ठेवत नाही. सगळी फौज त्यांनाच द्यायची असं आधी मनात होतं. पण लोक म्हणाले असते, बघा, शेवटी माल पदरात पाडून घेतलाच. शिवाय लेखनिक म्हणाला, ज्याला काही मिळणार त्याची साक्षीदार म्हणून सही चालत नाही. आणि मला त्यांची सही हवी आहे. त्यांनी हे वाचलं, हे कागदावर राहायला हवं. मी मेल्यावर वाचून काय उपयोग, शिव्या कुणाला घालणार?

काल भाचीला त्यांच्या दुकानात सहीचं सांगायला पाठवलं. ती म्हणते, डोळ्याला भिंग लावलेलं तसंच ठेवून ते म्हणाले, "बघतो." मी विचारलं, "बघतो म्हणजे कसं? रागानं?" ती म्हणाली, "मावशी, भिंग होतं गं, मला काय कळणार!"

चारची वेळ दिली होती. साडेचार झाले. औषधांच्या दुकानातली बाई सहीसाठी आली आहे, सारखी घड्याळ बघते आहे. दोनदा चहा झाला. मी तिसऱ्यांदा गॅलरीत जाऊन आले. ते आले नाहीत तर त्यांची जागा रिकामीच ठेवा, दुसऱ्या कुणाची सही घेऊ नका. कागद कोर्टात टिकला नाही तरी चालेल. रिकामी जागा तरी दिसेल.

जिन्यावर पावलं वाजताहेत. इथं थांबते.

वरचा मजकूर माझा आहे, माझ्या अक्षरात आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत मी सही केली आहे.

स्थळ: माझं स्वयंपाकघर. दिनांक: बुधवार, ११ जून २०१४.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: औषधांच्या दुकानातली बाई. (सही) सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचलेला नाही, पण ऐकू आला.

साक्षीदार दुसरा: घड्याळदुरुस्ती करणारा. (सही) सही माझ्यासमोर झाली. मजकूर मोठ्यानं पूर्ण वाचला, कलम चार दोनदा. या सहीचा अर्थ मी माफ केलं असा कुणी धरू नये. माफी मागायला वहिनींनी स्वतः दुकानात यावं. टाके निघाल्यावर आलं तरी चालेल. सोमवारी दुकान बंद असतं.