वर कोण राहतं?

प्रिय रूपल,

बारा पायऱ्या चढून वर यायचं सोडून बाबूजी चिठ्ठ्या काय लिहितात, असं म्हणशील. गुडघ्यांचं कारण सांगणार नाही, ते ठणठणीत आहेत. तोंडाने सांगायला धजत नाही. तू लॅबमधून यायच्या आत हे तुझ्या दाराच्या कडीत खोचून ठेवतोय. नीट बसून वाच.

उद्या अकरा वाजता वॉर्ड ऑफिसात आपली शेवटची सुनावणी. घरपट्टीची नोटीस आली तेव्हा किती भडकली होतीस! वरचा मजला भाड्याने दिलेला धरून त्यांनी घराचं मूल्य असं फुगवलं, की पट्टी दुपटीच्या वर गेली. तू दोन दिवस रजा टाकलीस, टेप घेऊन खोल्या मोजल्यास, मला टेपचं टोक धरून भिंतीशी उभं केलंस. चाळीसगावच्या सासरहून तू परत आलीस त्याला चौदा महिने झाले. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा तुला शीळ घालताना ऐकलं. हरकतीचा अर्जही तूच लिहिलास. सर्व्हेवालीने कुणालाही न विचारता मनानेच भाडेकरू लिहिला, असं त्यात ठासून म्हटलंस. मी खाली मुकाट सही केली.

मागच्या सोमवारी त्यांनी त्या मुलीलाच समोर बोलावलं. महेक नाव तिचं, तुझ्याहून लहानच असेल. कंत्राटावर आहे, चूक ठरली तर काम जाणार. ती एवढंच म्हणाली, की काकांनी सांगितलं ते मी भरलं. तू ताडकन उठलीस आणि म्हणालीस, माझे बाबूजी खोटं बोलत नाहीत. मी आपला चपलेचा अंगठा बघत बसलो. परत येताना पांझरेच्या पुलाजवळ मला उसाचा रस पाजलास.

तिने विचारलं होतं, रूपल. सर्व्हेला आली तेव्हा तू कामावर होतीस. वेगळा जिना दिसला, खिडकीतून वेगळा गॅस दिसला, म्हणून तिने सरळ विचारलं, वर कोण राहतं? त्या गॅसचं तू सगळ्यांना कौतुकाने सांगतेस, की सूर्य मावळल्यावर बाबूजींच्या स्वयंपाकघरात काही शिजत नाही आणि मला यायला आठ वाजतात, म्हणून त्यांनी सोय केली. तू क्लासहून उशिरा यायचीस तेव्हा तुझी आई प्रेमकुंवर थाळी झाकून ठेवायची, तेव्हा कुठे काय अडलं होतं? बैठकीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना तू दिसू नयेस, म्हणून ती सोय होती. तुझी आई असती तर तिने मला हे करू दिलं नसतं.

महेकने विचारलं तेव्हा शेजारचे धनसिंगभाऊ फाटकाशी उभे होते. नुकतेच ते म्हणाले होते, 'पोर आजून आठेच शे का, आबा?' मुलगी अजून इथेच का, एवढंच विचारलं, त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, भाडेकरू. नक्की ना काका, असं तिने पुन्हा विचारलं. मी हो म्हणालो.

आज सकाळी मी माझ्या हाताने नवा अर्ज लिहिला आणि साक्षीदाराची सही घ्यायला धनसिंगभाऊंकडे गेलो. त्यांना चष्मा सापडेना, म्हणून मलाच त्यांच्या ओट्यावर मोठ्याने वाचावं लागलं, चार बाया शेंगा निवडत बसलेल्या असताना. वर माझी मुलगी राहते. ती सासर सोडून आली आहे आणि आता इथेच राहणार आहे. सर्व्हेच्या दिवशी मी लाजेपोटी खोटं सांगितलं, यात महेकची चूक नाही. भाऊंनी सही करून दिली आणि चहा मागवला.

उद्या हाच कागद साहेब वाचतील. ते सगळं तुला तिथे, परक्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र. पट्टी जी लागायची ती लागो. महेकची माफी मी चारचौघांत मागेन, तुझी कशी मागायची ते मला समजत नाही, पोरी. तू बरोबर आली नाहीस तरी कागद देणारच आहे. फक्त ती एक ओळ, 'आता इथेच राहणार आहे', ती मी तुला न विचारता लिहिली आहे. खोडायची असेल तर सकाळी सांग.

तुझाच,
बाबूजी