फ्रिजवरच्या चिठ्ठ्या

६ फेब्रुवारी, गुरुवार

टीआरपी एक पूर्णांक एक! मागच्या गुरुवारी एक पूर्णांक तीन होता, तेव्हा वाटलं, याहून खाली काय जाणार. जातं. चॅनेलने पाच आठवड्यांची मुदत दिली आहे. तोवर प्रेक्षक परत आले नाहीत तर मालिका बंद.

नऊशे चाळीस भाग लिहिले मी. त्या घरात अकरा माणसं आहेत – सासू, दोन जावा, दीर, पोरंटोरं. माझ्या घरात मी. मालिका गेली तर सकाळी उठून कुणाशी बोलायचं? हा मुद्दा काही बैठकीत काढता येत नाही.

७ फेब्रुवारी

चॅनेलच्या बाई उपाय घेऊन आल्या होत्या. नायिकेची जुळी बहीण आणा. गोष्ट वीस वर्षं पुढे न्या. सासूला जिन्यावरून पाडा. नायिकेची स्मृती घालवू या, असंही निघालं. ती दोनदा गेली आहे, मी म्हटलं. तर म्हणाल्या, प्रेक्षकांना कुठे आठवतंय! दिग्दर्शक हसला. मीही हसले – न हसून सांगते कुणाला.

मग त्यांनी आलेख दाखवला. तीन वर्षांपूर्वीच्या एका आठवड्यात रेष टोकाला पोचते, आणि तिथून जी घसरायला लागते ती आजपर्यंत. "इथे काय केलं होतं तुम्ही? तेच परत करा ना."

चिठ्ठ्यांचे भाग होते ते. मी वहीत उगाच रेघोट्या ओढत बसले.

९ फेब्रुवारी, रविवार

इथे लिहायला काय जातंय.

पूर्वी दर रविवारी ताईचा फोन यायचा. तासभर. कोण कुणावर फुगलं, कोण न जेवता झोपलं, नणंदेने जाता जाता काय टोमणा मारला. माझ्या मांडीवर वही असायची. मालिकेतली सासू बोलायची ते सगळं ताईच्या सासूचं. लोक म्हणायचे, अगदी घरातलं वाटतं हो! वाटणारच. कुणाच्या तरी घरातलंच होतं.

मग एका रविवारी तिने आवाज खाली आणला. भावजींनी अबोला धरलाय म्हणाली, सात महिने झाले. काही सांगायचं असलं की फ्रिजच्या दारावर चिठ्ठी लावतात. 'दूध संपलं.' 'किल्ली शेजारी.' तीही चिठ्ठीनेच उत्तर देते. कुणाला सांगू नकोस हं, म्हणाली.

मी कुणालाच सांगितलं नाही. नुसतं लिहिलं.

तो भाग त्यांच्याकडे सगळे एकत्र बसून बघत होते. नणंदही आलेली. चिठ्ठ्यांवरचे शब्दसुद्धा मी बदलले नव्हते – इतके चांगले होते ते! भावजींनी उठून टीव्ही बंद केला. त्या दिवसापासून चिठ्ठ्याही बंद. आठ दिवसांनी ताईने फोन करून एवढं सांगितलं आणि ठेवला. तो शेवटचा.

तेव्हापासून मालिकेतली माणसं माझ्या मनचं बोलतात, आणि माझ्या मनात काय आहे? चार भिंती. प्रेक्षक का गेले, मला चांगलं ठाऊक आहे. ताई गेली म्हणून गेले.

१० फेब्रुवारी

फोन हातात घेतला. ठेवला.

१६ फेब्रुवारी, रविवार

जाऊन आले. बसमध्ये सगळी जुळवाजुळव केली होती. माफी मागायची, बस्स. की आणखी काही मिळतंय का ते बघायला निघाले होते? खरं सांगायचं तर मला कळत नव्हतं.

ताईने दार उघडलं. केस पांढरे झालेत तिचे. ये म्हणाली, पाणी दिलं. आतल्या खोलीत भावजी खाकरले, बाहेर आले नाहीत. माझी नजर फ्रिजकडे गेली. दारावर एकही कागद नाही, नुसती लोहचुंबकं, कोपऱ्यात ओळीने लावून ठेवलेली. आणि माझा हात पर्समधल्या पेन्सिलीकडे गेला! मेली सवय! ताईने पाहिलं.

"बघून झालं असेल तर चहा घे," म्हणाली.

चहा घेतला. पावसापाण्याचं बोलले. रोज बावीस पानं संवाद लिहिणारी बाई मी, आणि माफीचे दोन शब्द तोंडातून फुटले नाहीत. वीस मिनिटांत उठले.

१७ फेब्रुवारी

एका बैठकीत प्रसंग लिहून काढला. नायिकेची धाकटी बहीण दारात उभी राहते. 'ताई, तुझं घर मी चव्हाट्यावर आणलं. माझं चुकलं.' सलग चार पानं. डोळ्यांतलं पाणी पुसत लिहिलं. काल जे जमलं नाही ते सगळं त्यात आहे.

२६ फेब्रुवारी

चित्रीकरण झालं. सेटवर कुणी हललं नाही, लाइटवाला डोळे पुसत होता. नटी माझ्याजवळ येऊन विचारते, खरं घडलंय का हे? छे गं, म्हटलं, कल्पना.

सोमवारी दिसेल. ताई बघेल. कितीही राग असला तरी बघेलच!

५ मार्च

फोन नाही.

१३ मार्च, गुरुवार

दोन पूर्णांक सहा! चॅनेलच्या बाईंनी मिठी मारली. मालिका वर्षभर वाढली. प्रेक्षकांचे निरोप वाचून दाखवले – एका बाईने म्हणे तो भाग संपताच उठून आपल्या बहिणीला फोन लावला, आठ वर्षांनी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले. फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि समोर बसून जेवले.

१४ मार्च

ताईचा फोन आला.

"शेजारीण सांगत होती, तू माझी माफी मागितलीस. कधी गं? मी तर घरीच होते."