कसोटीला उतरलेली दोन घड्याळं

तीर्थरूप दादा,

हे माझ्या हातचं पहिलं पत्र, आणि ते तुम्हाला वाचता येणार नाही. तसे तुम्ही होतात तेव्हाही वाचत नव्हतातच! मला अक्षरं लग्नानंतर यांनी शिकवली. पाथरीच्या कचेरीतून आले की हे पाटी घेऊन बसायचे आणि सासूबाई कपाळाला हात लावायच्या. तुम्हाला एकदा माझी सही दाखवायची होती, ती राहिलीच. आणि आता लिहायला बसले ती अशा गोष्टीसाठी, की ऐकून तुमचा जीव तुटेल.

परवा आपल्या धाकट्या वत्सीला सासरच्यांनी पेडगावला मायकडं आणून सोडलं. लग्नाला अजून सहा महिने नाहीत झाले! गाडीतून उतरली तेव्हा तिच्या हातात तुमचं घड्याळ होतं, फडक्यात बांधलेलं. तिचे चुलतसासरे ओट्यावर टेकलेसुद्धा नाहीत. पाणी पुढं केलं तर म्हणाले, "खरं घड्याळ घिऊन मानवतला या, मंग लेक नांदायला धाडा. गेलेल्या माणसाला बोलू न्हाई, पण तुमचा बाप लबाड निघाला."

लबाड! दादा, तुम्ही! वजन वाढावं म्हणून ज्यांनी कापसावर कधी पाण्याचा शिपका मारला नाही, ते तुम्ही! आम्ही दोघं माहेरी आलेलो, मी तिथंच उभी होते. तांब्या उचलून आत गेले.

काय तो तुमचा घड्याळांचा सोस! माझ्यासाठी कचेरीतला नवरा मिळाला म्हणून तुम्हाला कोण आनंद झाला होता. जावयाला साखळीचं, सोन्याचं, विलायती नावाचं घड्याळ द्यायचं तुम्ही ठरवलंत. कापूस घेऊन मानवतला गेलात, तिथं तो शेरवानीवाला भेटला. नवाबाच्या घरचा माल म्हणाला, आणि तुम्ही एकाच्या जागी दोन घेऊन आलात! वत्सीला तेव्हा धड परकर सावरता येत नव्हता. माय म्हणाली, "आत्ताच कामून दुसरं?" तर तुम्ही म्हणालात, "थोरलीला एक आन् धाकटीला उगी कायतरी, आसं न्हाई चालायचं. दोघी सारख्याच."

तुम्ही आंधळेपणानं घेतली नाहीत, हे मी कुणालाही सांगेन. आधी सराफाकडं गेलात. त्यानं दोन्ही घड्याळं कसोटीच्या दगडावर घासली, म्हणाला, "चोख हाय." मग तुम्ही ती कानाला लावून टिकटिक ऐकलीत, आणि झालं! आपल्याकडं सोन्याचा डाग असाच तर घेतात. पण दादा, घड्याळ म्हणजे पाटल्या नव्हेत हो! मागचं झाकण कुणी उघडलंच नाही. आणि उघडून तरी काय कळणार होतं? तुम्हाला काटेही वाचता येत नव्हते. तुम्ही वेळ बघायचात ती उन्हावर.

माझ्या लग्नानंतर तीनच महिन्यांत ते बंद पडलं. आम्ही दोघं परभणीला एका घड्याळवाल्या चाचांकडं गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि झाकण उघडलं. मग म्हणाले, "बाबू, डिब्बा सोने का है, वो भी पतला. अंदर की मशीन दो कौड़ी की." तबकडीवरचं विलायती नाव त्यांनी नखानं खरवडलं तर निघून आलं. झाकणावर नंबर होता, यंत्रावर ना नंबर ना नाव. आत माणकं असतात म्हणे, त्यांच्या जागी लाखेचे लाल थेंब! खरं घड्याळ कसं घ्यायचं तेही त्यांनी सांगितलं. हैदराबादेत नावाजलेल्या पेढीवर जायचं, झाकण उघडून दोन्हीकडचे नंबर बघायचे, तेच पावतीवर लिहून घ्यायचे. "और कसौटी घर पे छोड़ के जाओ," असंही म्हणाले.

येताना हे म्हणाले, "दादांना कळू द्यायचं नाही. जिवाला लावून घेतील." मलाही ते पटलं. तुम्ही पाथरीला आलात की घोटभर पाणी प्यायच्या आधी विचारायचात, "जावईबापू, घड्याळ चालायलंय न्हवं?" हे म्हणायचे, "एकदम बेस!" तुम्ही येणार असा निरोप आला, की कचेरीचे टोल ऐकून हे काटे जुळवून ठेवायचे. तुमच्या तोंडावरचं समाधान बघून मी पदराआड हसायची. आता त्या हसण्याची लाज वाटते.

रागही येतो तुमचा. दर खेपेला कशाला विचारायचात? एकदा विचारायचं विसरला असतात, तर आम्हीच कधीतरी खरं बोलून गेलो असतो!

मग तुम्ही गेलात, आणि या वैशाखात वत्सीचं लग्न निघालं. मायनं पेटीतून दुसरं घड्याळ काढलं. मी म्हटलं, "माय, हे ऱ्हाऊ दे, दुसरं काय बी देऊ." ती म्हणाली, "त्यांच्या हातचं हाय ते. लेकीसाठी घिऊन ठिवलंय, मी कशी ऱ्हाऊ देऊ?" कुंकू गेलेल्या त्या बाईपाशी तुमची तेवढीच गोष्ट उरली होती. ती खोटी आहे, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? नवं घ्यावं तर लढाईमुळं विलायती माल येईना, आणि आला तरी आमच्या आवाक्यातला नाही.

मांडवात चुलतसासऱ्यांनी घड्याळ हातात घेऊन यांना विचारलं, "तुमाला बी आसंच दिलंय म्हनं. कसं हाय?" यांनी माझ्याकडं पाहिलं. माय दाराआड उभी राहून ऐकत होती. मी मान खाली घातली. हे म्हणाले, "चांगलं चालतं."

त्या दोन शब्दांवर वत्सी त्या घरात गेली, दादा!

आल्यापासून ती सकाळ-संध्याकाळ घड्याळाला चावी देते. ते चार पावलं चालतं आणि थांबतं. काल मला विचारलं, "अक्का, दादानं जानून दिलं का गं?" मी तिला जवळ घेतलं आणि तिची वेणी घालायला बसले. बहीण म्हणवते मी स्वतःला!

खरं सांगितलं तर यांच्या शब्दाला कचेरीत काय किंमत राहील? वत्सीला तरी घरात घेतील का? आणि नाही सांगितलं तर तुम्ही कायमचे लबाड. कुठूनही गेलं तरी आपलंच कुणीतरी मोडतं.

आज सकाळी मायला सगळं सांगितलं. ती उठून गोठ्यात गेली, ती दुपारपर्यंत परत आली नाही. बोलावणारी मी कोण?

उद्या आम्ही दोघं वत्सीला घेऊन मानवतला निघणार आहोत. हे म्हणाले, "शब्द माझा होता, मी बोलतो." पण मान मी खाली घातली होती. तिच्या सासरच्यांनी दार लावलं तर मी काय करणार, मला माहीत नाही. वचन देते ते एवढंच: चार माणसांत उभी राहून सांगेन, की माझा बाप फसला होता. फसवलं ते आम्ही, भर मांडवात, सगळं ठाऊक असताना.

तुमची थोरली,
गंगू