गिरणीमागची पिल्लं

अण्णा, पत्र लिहायला फार उशीर केला, रागावू नका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची पिठाची गिरणी नेमकी कुठे होती, हे मखमलाबादेत आता कुणाला सांगता यायचं नाही. मुलगा असून मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. शाळा सातवीतच सुटली, लिहिण्याची धास्ती बसली ती बसलीच. पण सध्या जिवाला घोर लागलाय, आणि तो सांगावा असं माणूस तुमच्याशिवाय दिसत नाही.

झालंय असं, की आपल्या मळ्याला लागून लग्नाचं लॉन्स झालंय. अख्खी लग्नसराई तिथे डीजे दणदणत होता, आणि त्यांचा जनरेटर बरोबर आपल्या भिंतीपलीकडे, सारखा घरघरणारा. आमची कुत्री त्याच भिंतीला, गुलाबाच्या क्रेटांच्या आडोशाला व्याली. मी म्हटलं, पिल्लांचे कान अजून बंद आहेत, त्यांना काय कळतंय. बाकीची पिल्लं लोकांनी नेली, पांढऱ्या पायांचं एक राहिलं. त्याला हाक मारली की ते दचकतं, पण माझ्याकडे न येता भलतीकडेच पळतं. मागच्या आठवड्यात भाजीच्या पिकअपने एवढा हॉर्न वाजवला, आणि हे नेमकं चाकाकडे धावलं. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलं. वर मलाच म्हणतो, "बाबा, बहिरं हाय का तुमचं कुत्रं? का जीव द्यायला शिकवलंय त्याला?"

नात जनावरांच्या डॉक्टरकीला आहे. तिने पिल्लाच्या पाठीमागून ताटली वाजवली, चुटक्या वाजवल्या, शिट्टी घातली. मी लसणाचं तेल कोमट करून आणलं, तर माझ्यावरच उखडली. "आजोबा, कानात थेंबसुद्धा घालायचा नाही! ऐकू येतंय त्याला." मग असं का करतं, म्हटलं. तर म्हणाली, पिल्लाचे कान उघडतात त्या दिवसांत त्याचा मेंदू आवाज निवडायला शिकत असतो. आईचा कुठला, गाडीचा कुठला, कुठून आला. तेव्हाच सारखी घरघर चालू राहिली तर ते शिकणं मागे पडतं. उंदरांच्या पिल्लांवर हे तपासून पाहिलंय म्हणे. कान शाबूत, पण आवाजांचा सगळा गोंधळ. "शांत जागी ठेवलं तर अजून शिकेलही, लहान आहे. पण खात्री नाही देत मी."

ती बोलत होती आणि मी गिरणीत जाऊन उभा राहिलो होतो. दुपार आहे, पट्टा फटफटतोय, बायका डबे घेऊन दाटीने बसल्यात. मला नुकतं मिसरूड फुटलंय, मी दळण टाकतोय. एक बाई सांगते, ज्वारी भरड काढ, कण्या करायच्यात. मी बारीक पीठ काढून तिच्या डब्यात भरतो. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता, "कान आहेत का नुसती भोकं?" बायका पदर तोंडाला लावून हसतात. आवाज आला होता, अण्णा. पण गिरणीची घरघर, बायकांची बडबड आणि तिचं सांगणं, सगळ्याचं एकच पीठ झालं होतं. शाळेतही तेच. मास्तरांचं बोलणं पोरांच्या गलक्यातून मला कधी वेगळं काढता आलं नाही. ठोंब्या ठरलो, मागच्या बाकावर गेलो, आणि तिथून घरी. मी गिरणीमागच्या खोलीत वाढलो. आई कौतुकाने सांगायची, गिरणी थांबली की पाळण्यात पोर रडायला लागतं.

त्याच उन्हाळ्यात काळी कुत्री पोत्यांमागे व्याली. पिल्लांचे डोळे किलकिले व्हायला लागले, कान अजून उघडायचे होते, तसे तुम्ही ऐन गर्दीत पट्टा उतरवलात, पिल्लं पाटीत घातलीत आणि मळ्याच्या पार टोकाच्या झोपडीकडे निघालात. कुत्री कुईकुई करत मागे. शेजारच्या काकू ओरडल्या, "अहो अण्णा, कुत्रीचं बाळंतपण बरं सुचतंय! पोराच्या वेळी तर घटकाभर गिरणी थांबली नव्हती तुमची!" सगळ्या खिदळल्या. तुम्ही पाटी खाली ठेवली नाहीत. "तेव्हा कुठं ठाऊक होतं," एवढंच म्हणालात, आणि माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, लोक खोळंबलेत म्हणताय. मी घाईघाईने पट्टा चढवला.

त्यानंतर तुम्ही मला कानावरून कधी बोलला नाहीत. काही सांगायचं असलं की गिरणी थांबवायची, माझ्यासमोर येऊन उभं राहायचं, मग सांगायचं. बायका वैतागायच्या, "बापलेकांचं गुपित संपलं का? घरी पोरं उपाशी आहेत!" तुम्ही हसायचात, पण अर्धवट बोलून गिरणी सुरू केली नाहीत. एवढ्या मायेने माझ्याशी पुन्हा कुणी बोललं नाही. माझंही त्या पिल्लासारखंच झालं असेल का, हे मी नातीला विचारलेलं नाही. ती डॉक्टर जनावरांची.

पिल्लू लेकीकडे ठेवलंय, त्र्यंबकेश्वरच्या अलीकडे, डोंगराच्या कडेला. तिथे पाखरं आणि वारा, बाकी आवाज नाही. मला रात्रंदिवस तेच दिसतं. हाकेला आलं नाही तर एखाद्या गाडीखाली जाईल.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगतो. काल लेकीचा फोन आला होता. पिल्लाचंच सांगत होती, पण आमच्याकडे पंप चालू होता, मला काही उमगलं नाही. मी "बरं, बरं" म्हटलं आणि ठेवून दिला. परत लावायला हात धजत नाही. तुमची ती पिल्लं तुम्ही झोपडीवरूनच लोकांना देऊन टाकलीत, ती हाकेला यायला लागली होती का, हे मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. अण्णा, तेवढं लवकर कळवा.