रूबेनच्या नावापुढचा शब्द

४ नोव्हेंबर १९५७
पुन्हा तेच! चॅपलमधल्या मृतांच्या पाटीवर रूबेनचं नाव रंगवायचंय, आणि पाटी रंगवणारे कारभारी वेदरिल म्हणतात नावापुढे 'लॉस्ट' लिहायचं. समुद्रात गेलेल्या सगळ्यांच्या नावापुढे तेच आहे म्हणे. लॉस्ट म्हणजे हरवलेला. छत्री हरवते. हातमोजा हरवतो. माझा नवरा काय कुणी बसमध्ये विसरलंय? फेब्रुवारीत होडी खडकावर फुटली. फळ्या किनाऱ्याला लागल्या, तो नाही लागला. त्याला 'ड्राउन्ड' म्हणतात. बुडाला. मला तोच शब्द हवाय.

५ नोव्हेंबर
वाचनालयातून जाडा शब्दकोश आणला. शाळा तेराव्या वर्षी सुटली, तेव्हापासून हीच खोड — अडलं की शोधायचं. पण हे पुस्तकवालेही कसले! एका शब्दाचा अर्थ म्हणून दुसरा देतात आणि मोकळे होतात. पाद्री म्हणतात 'पास्ड अवे' — जसा काही धक्क्यावर फेरफटका मारायला गेलाय. पाववाली म्हणते 'गॉन' — जसा काही संध्याकाळी येईल. सरळ बोलायला यांची जीभ झडते का?

७ नोव्हेंबर
सासूबाईंकडे गेले. त्यांचा तिसराच शब्द — 'मिसिंग'.
"बेपत्ता आहे माझा पोरगा. बेपत्ता माणूस सापडतो."
खिडकीत अजून दिवा ठेवतात. म्हटलं, "आई, फेब्रुवारीतली गोष्ट आहे."
"तुला गं कसली घाई झालीय त्याला बुडवायची?"
चहा तसाच टाकून निघून आले.

८ नोव्हेंबर
आज परत दोघांपुरते बटाटे सोलले.

१२ नोव्हेंबर
चॅपलची बैठक. पाच म्हातारे, पाच पाइप, नुसता धूर!
"थर्झा, 'लॉस्ट' कसं कानाला मऊ लागतं."
"मऊ उशी असते, मिस्टर वेदरिल."
"इतक्या बायकांनी चालवून घेतलंच ना?"
"त्यांना विचारलं होतं कुणी?"
मग वेदरिल पुटपुटले, "बरं बाई, तुझंच खरं. पण तो शब्द रंगवताना तू समोर उभी राहून सांगायचं. मागाहून कटकट नको."
जिंकले! सासूबाईंना सांगायला गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. "मी त्या पाटीसमोर पाय ठेवायची नाही."
घरी येऊन जेवण गेलं नाही.

१६ नोव्हेंबर
पाटीवर नाव रंगवून झालं. वेदरिलांनी कुंचला उचलला, मान वळवली. "सांग, थर्झा. ड्राउन्ड ना?"
तोंड उघडलं. शब्द येईना. ज्याच्यासाठी सगळ्यांशी भांडले, तोच येईना!
मागे काठी वाजली. सासूबाई. येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, माझा हात धरला.
"ड्राउन्ड लिही रे," त्या म्हणाल्या. "बुडाला माझा रूबेन."