तोंडून नाव निघाले तर

मी, बे ओक्सिम, प्रभूमध्ये निजलेले हान इन्सॉक यांची विधवा, वय बावन्न, राहणार सोलजे गाव, जिरी डोंगराचा पायथा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. नजर चांगली आहे, सुईत दोरा अजून पहिल्या खेपेला ओवते. यापुढे "कोणाच्याही धाकाखाली नसताना" असे लिहायची रीत आहे. ते मला लिहिता येत नाही. उद्या सोमवारी सकाळी पोलीस ठाण्यात हजर राहण्याचा हुकूम आला आहे. तेव्हापासून कुत्रे भुंकले तरी माझ्या हातून भांडे पडते. पण भीतीने बुद्धी गेलेली नाही, एवढे साक्षीदारांनी नीट पाहून घ्यावे.

ठाण्यात गेलेले माणूस परत येतेच असे नाही, आणि जे येते ते कोणाशी बोलत नाही. म्हणून हा कागद. तो आमच्या ख्रिस्ती देवळाच्या पाळकांच्या पत्नीने आपल्याजवळ लपवून ठेवावा आणि मी गेल्यावरच काढावा.

राहते घर, तीन खोल्या, गवती छपराचे, मुलगी युनसुक हिला. ती पुसानला असते आणि इकडे येऊन राहणार नाही, हे मला कळते. जावईबापूंना आमच्या गावचा गारठा सोसत नाही, एकदा आले तर चार दिवस पांघरुणातून बाहेर निघाले नाहीत. ती येईपर्यंत घर देवळाच्या मंडळीने वापरावे. शिवणयंत्रही युनसुकलाच. त्यात तेल घालत जावे. तेल नसले की यंत्र कुरकुरते आणि बोल शिवणारीला लागतो.

अंगणातले सोयाबीनच्या आंबवणाचे रांजण पाळकांच्या पत्नी सो बुन्ये यांना. माझे आंबवण खारट असते असे त्या पंधरा वर्षे साऱ्या मंडळीला सांगत आल्या आहेत, आणि वाडगा घेऊन दर महिन्याला येतही आल्या आहेत. आता रांजणच न्यावेत.

यजमानांचा जाड कोट थोरले दीर हान मानसॉक यांना. तो त्यांना दंडात घट्ट होईल, पण दुसऱ्या कोणाच्या अंगावर मला तो बघवणार नाही. शेजारच्या चोकसुनच्या आईने माझी चाळण लढाईच्या आधी नेली ती अजून आणली नाही. ती तिच्याकडेच राहू द्यावी. मी माफ केले आहे, असे तिला सांगावे. म्हणजे ती चरफडेल.

मला यजमानांच्या शेजारी पुरावे. जेवणावळ करू नये.

आता तांदळाचे.

आमच्या मंडळीतली प्रत्येक बाई भात शिजत घालण्याआधी एक चमचा तांदूळ काढून देवाच्या पिशवीत टाकते. रविवारी पिशवी उपासनेला न्यायची, आणि तिथून तो तांदूळ ज्यांची चूल पेटत नाही त्यांच्याकडे जातो. प्रत्येक घराची पिशवी वेगळी, वर घराचे नाव भरतकामाने घातलेले. देवाला नावाची गरज नाही, पण कोणाची पिशवी सडपातळ आली ते पाळकांच्या पत्नीला कळावे लागते. यजमान मंडळीचे पंच होते. ते म्हणत, पिशवीत पडला की तो तांदूळ आपला राहत नाही, मग तो कोणाच्या तोंडात जातो हे विचारणारे आपण कोण?

दीड वर्षापूर्वी उत्तरेची फौज गावात आली, तेव्हा गावातलेच काही पुरुष दंडाला लाल पट्टी बांधून तिला मिळाले. माझे यजमान देवळाचे पंच होते, एवढ्यावरून त्यांना ह्याच अंगणातून दिवेलागणीला नेले. मग ते ओढ्यात सापडले. पुढे ती फौज मागे हटली आणि ते पुरुष डोंगरात पळाले, ते अजून तिथेच आहेत. त्यांच्या बायका, पोरे, म्हातारी माणसे वरच्या आळीत मागे राहिली. त्यांना कोणी धान्य विकत नाही. दिले तर पोलीस ते डोंगरातल्या पुरुषांनाच दिल्यासारखे धरतात, आणि त्याची शिक्षा सगळ्यांना माहीत आहे.

त्यांतली एक बाई गेल्या वर्षी माझ्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी तिला प्रेमाने दिले असे कोणी समजू नये. माझ्या मनात तिच्याबद्दल विषच होते. पण मी उपासनेला निघाले होते, पिशवी हातात होती, आणि पिशवी कशासाठी असते हे मला इतकी वर्षे पाठ होते. तिच्या ओच्यात ओतली आणि रिकामी पिशवी घेऊन देवळात गेले. बुन्येबाईंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी चोरीच करून आले आहे. तेव्हापासून ती येत राहिली आणि मी ओतत राहिले. विष कधी ओसरले ते मला सांगता येणार नाही. तिच्या धाकटीच्या हातांवर हिवाने भेगा पडल्या होत्या, त्यांना मी तेल लावले, त्या सुमाराचे असेल.

नववर्षाच्या आदल्या दिवशी बर्फ पडत होता. ती दारात असतानाच गल्लीत गस्तीच्या बुटांचा आवाज आला, आणि ओतायला वेळ मिळाला नाही. मी तिच्या हातात पिशवीच कोंबली. ती पिशवी आता डोंगरातल्या एका झोपडीत पोलिसांना सापडली आहे. तिचा नवरा खाली येऊन घेऊन गेला असणार, आणि बायको नाही म्हणू शकली नसणार. फौजदाराने पिशवी माझ्या ओसरीवर ठेवली आणि विचारले, "हे भरतकाम कोणाचं?" मी म्हटले, "माझं." खोटे सुचलेच नाही. तांदूळ कोणाला दिला ते सोमवारी येऊन सांगायचे, असे बजावून तो गेला.

आज उपासनेनंतर थोरले दीर आले. गावात त्यांच्याएवढा मोठा आवाज कोणाचा नाही. माझ्या माहेरगावाच्या नावाने मला हाक मारत, चार घरांपलीकडे ऐकू जाईल असे म्हणाले, "नाव सांगून मोकळी हो, बोल्ग्योवाली. तुझ्या मागच्या दाराशी कोण येतं ते मी पाहिलंय. माझ्या भावाला नेताना ज्यानं कंदील धरला, त्याचीच बायको वाचवायला निघालीस?"

कंदील कोणी धरला होता ते मी पाहिले होते, पण आजवर कोणाजवळ बोलले नव्हते. मी विचारले, "तुम्हाला कसं ठाऊक, भावजी?"

त्यावर त्यांचा आवाज पार बसला. "मी तुमच्या पेंढ्याच्या गंजीमागं होतो. सगळं पाहिलं. आणि तिथंच बसून राहिलो."

मी म्हटले, "मी तर दारातच उभी होते. माझ्या तरी तोंडून कुठं शब्द फुटला?"

मग मी स्पष्टच विचारले, की उद्या तुम्ही सांगणार आहात का. तुम्ही सांगितलेत तर मी सुटेन आणि ती दोन पोरी घेऊन पोलिसांच्या ट्रकमध्ये चढेल, आणि त्या ट्रकमधून कोणी परत येत नाही. त्यांनी उलट मलाच विचारले, "तुला तिथं मारलं, तर तू टिकशील?"

"नाही टिकणार," मी म्हणाले. "गरम भांड्याचा चटका बसला तरी मी गाव गोळा करते, तुम्हाला माहीत आहे."

ते उठून अंगणात जाऊन बसले. मी हे लिहिते आहे आणि दारातून मला त्यांची पाठ दिसते आहे. त्यांच्या डोक्यावर टोपी नाही आणि बाहेर कडाका आहे. त्यांच्या मनात काय चालले आहे ते मला कळत नाही. ठाण्याची जेवढी भीती वाटते तेवढीच मला आत्ता त्या पाठीची वाटते.

म्हणून शेवटचे आणि सगळ्यात महत्त्वाचे कलम. ते मंडळीने अक्षरशः पाळावे.

मी धीट बाई नाही. उद्या ठाण्यात माझ्या तोंडून एखादे नाव निघेल. निघाले तर ते खोटे धरावे. आज माझी बुद्धी शाबूत आहे आणि आज मी लिहून देते की तांदूळ मी दिला, तो देवाचा होता, आणि तो कोणाला दिला ते मी सांगत नाही. उद्याची ओक्सिम काय बोलेल त्याला आजची ओक्सिम बांधील नाही. त्या नावाच्या बाईकडे मंडळीतल्या कोणी वाकड्या नजरेने पाहू नये, आणि तिने माझा राग धरू नये. मी नसले तरी चमचा चुकवू नये. माझ्या मागच्या दाराला कडी घालू नये. तिथे कोणी येऊन उभे राहिले तर बाहेर येऊन पदरात ओतावे आणि नाव विचारू नये. पिशवी मात्र हातात देऊ नये.

हे लिहून झाल्यावर मी भावजींना आत बोलावणार आहे. वाचून सही करायची की नाही ते त्यांनी ठरवावे. नाही केली तर त्यांची जागा कोरी राहील, आणि कोऱ्या जागेचा अर्थ मी समजून घेईन.

सोलजे गाव, रविवार, ३ फेब्रुवारी १९५२.

लिहून देणार: बे ओक्सिम (सही)

साक्षीदार पहिली: सो बुन्ये, पाळकांची पत्नी. माझ्यासमक्ष सही केली. बुद्धी शाबूत होती. (सही)

साक्षीदार दुसरा: हान मानसॉक, मयत इन्सॉकचा थोरला भाऊ. मजकूर पूर्ण वाचला. नाव मलाही ठाऊक आहे. उद्या माझ्या तोंडून ते निघाले तर तेही खोटे धरावे. मी ओक्सिमबरोबर ठाण्यात जात आहे. (सही)