बापूसोची गाठ

आश्विन शुद्ध ४, शके १८३४

बैल सापडला — पण अब्रू गेली. आज पेठेत गाडी सोडली आणि हौश्याला लालासाबचाचांच्या दोरखंडाच्या दुकानापुढच्या खांबाला बांधलं. गाठ मीच मारली, चांगली दोन वेढ्यांची. हौश्यानं एक हिसका दिला, गाठ सुटली. महाराज सरकारांचे हत्ती नदीवर पाण्याला निघाले होते. हा मान वर करून त्यांच्यामागे चालू लागला. वाटेत लोकांनी हत्तींना हात जोडले, तसे ह्यालाही जोडले. एका बाईनं कुंकू लावलं. माहुतानं घाटावरून परत आणून दिला, तेव्हा माझ्याकडे परक्यासारखा बघत होता.

आश्विन शुद्ध ७

लालासाबचाचांना गाठींना नावं द्यायची खोड. भिजली की आवळत जाते ती सासूची गाठ. सुटली सुटली म्हणेतो पुन्हा बसते ती पावण्याची — उंबऱ्यापर्यंत जाऊन परत बैठक मारणारा पाहुणा कुणी पाहिला नाही? तेल लावल्याशिवाय ढिली होत नाही ती मामलेदाराची. दोन गड्यांना हार जात नाही आणि चाचीच्या एका बोटाला सुटते ती बिबीजान.

आणि आता एका हिसक्यात सुटते ती बापूसोची गाठ! गिऱ्हाईक दोर घेतं, चाचा सगळ्या गाठी दाखवतात, शेवटी माझी. लोक पोट धरून हसतात. हसून झालं की तीच शिकून जातात. काय मेली हौस!

आश्विन शुद्ध १२

थोरली बहीण अक्काताई गडहिंग्लजला दिली आहे. तिनं तिथल्या रत्नाबाईचं स्थळ माझ्यासाठी धरलंय. मी रत्नाबाईला एकदाच पाहिलंय, आमच्या जैन बस्तीत देवदर्शन घेताना, तेही पाठमोरी. तेवढ्यावर माझी झोप उडाली आहे. बापाची एकुलती लेक, ती म्हणेल तीच पूर्व दिशा.

आज गाडीवान पिराजी निरोप घेऊन आला. "पोरगी इचारतीया, त्यो गाठवाला बापूसो ह्योच काय?"

म्हणजे गडहिंग्लजपर्यंत पोचली! पुढच्या खेपेला सांगतो म्हणून त्याला वाटेला लावलं.

आश्विन शुद्ध १३

चाचांचे पाय धरले. त्या गाठीवरनं माझं नाव काढून टाका म्हटलं.

"नाव म्या कुटं दिलंय? बैलानं दिलंय," चाचा म्हणाले. "आता त्येनंच दुसरं दिलं तर बगू की."

रात्रभर विचार केला. चुलतभाऊ आप्पासो आहेच. माझ्याहून धाकटा, देखणा, आणि सांगेल ते ऐकणारा.

आश्विन वद्य ३

फत्ते! आप्पासोला ती गाठ लई घट्ट म्हणून शिकवली आणि हौश्याला त्याच खांबाला बांधायला लावलं. हौश्या हत्तींची वाटच बघत होता. त्यांच्या घंटा वाजल्या, हिसका दिला, गेला. ह्या खेपेला सगळ्यात पुढे चालत होता.

चाचांनी दाढी कुरवाळली. "आजपासनं आप्पासोची गाठ." आप्पासो रडवेला झाला. मला वाईट वाटलं. जिलबी खाल्ल्यावर जरा कमी वाटलं.

आश्विन वद्य ५

पिराजीला छातीठोक सांगितलं — ती गाठ माझी नव्हे, आप्पासोची. खोटं वाटत असेल तर पेठेत विचारा.

आश्विन वद्य १२

तिकडून उत्तर नाही. भाऊबीजेला अक्काताई येईल, तीच सांगेल. नवं धोतर घेतलं. मिशीला तेल चालू आहे.

कार्तिक शुद्ध २

अक्काताईनं ओवाळलं. मग म्हणाली, "बापू, खरं सांगिटलंस ते लई ब्येस केलंस बग. एका हातात धारेची चरवी, रत्नाबाईला दुसऱ्या हातानं म्हशीचं दावं सुटायचं न्हाई. ती गाठ आली आन् पोरीचा तरास गेला. ज्यानं ही काडली त्येच्याच घरी नांदीन म्हणून हटून बसलीती. पेठेत इचारलं आन् आप्पासोची सुपारी फोडून आलो."

आता बोलू कुठल्या तोंडानं? पेठेत विचारा म्हणून मीच कळवलंय.

वरातीची गाडी हौश्याच ओढणार म्हणे. हाकायला मी.